दिसायचं नाही, बघायचं मात्र सगळं

"अगं मंदे, ऐकलंस का? माणसाला गायब करणारी शाल निघालीय म्हणे!"

शांताकाकूंची बातमी कधी रिकाम्या हातानं येत नाही. आज सोबत वाटीभर कैरीचा तक्कू होता. आमच्या दोघींच्या परसांमध्ये कमरेएवढी विटांची भिंत आहे. तिच्यावर वाटी कलंडू नये म्हणून काकूंनी गवंड्याकडून एक शहाबादी तुकडा पक्का बसवून घेतलाय. फलटणच्या आमच्या आळीतल्या निम्म्या बातम्या त्या तुकड्यावरूनच इकडून तिकडे होतात.

"कुणी सांगितलं?"

"नातवानं मोबाईलवर दाखवलं. झाडीसमोर एक माणूस उभा, हातात चादर. चादर पुढे धरली की माणूस गुल, नुसती झाडी! म्हटलं, मलाही एक मागव. पहाटे जास्वंदीपाशी पांघरून बसते. कोण मेला रोज फुलं तोडतो त्याला मुद्देमालासकट धरते."

जास्वंदीचं प्रकरण जुनं आहे. काकूंचं झाड रस्त्याकडे झुकलेलं. पहाटे फिरायला निघणाऱ्या मंडळींच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी का असते, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. देवाला फुलं वाहायची म्हटल्यावर ती चोरी राहत नाही, असा पिशवीवाल्यांचा समज. झाडाच्या मालकिणीचा समज वेगळा.

"काकू, तो व्हिडिओ २०१७ च्या डिसेंबरातला. चीनमधून निघाला नि जगभर फिरला. आधी रिकामी झाडी शूट करायची. मग माणसाला एकरंगी कापड धरून उभं करायचं. नंतर कॉम्प्युटरवर त्या रंगाच्या जागी रिकामी झाडी चिकटवायची. टीव्हीवर हवामान सांगणारी बाई नकाशापुढे उभी असते ना, तीच युक्ती. तुमचा नातूही फोनवर करून दाखवेल."

"म्हणजे सगळी थापच?"

"व्हिडिओ थाप. त्यामागचं शास्त्र मात्र खरं आहे."

शाळेत विज्ञान शिकवायची खोड निवृत्तीनंतरही जात नाही. काकूंनी पदर खोचला, म्हणजे ऐकायची तयारी.

"आपल्याला वस्तू दिसते ती तिच्यावरून उजेड उडून डोळ्यात येतो म्हणून, आणि मागचं काही दिसत नाही ते वस्तू आडवी येते म्हणून. गायब करायचं तर दोन्ही टाळायला हवं. उजेडानं वस्तूला शिवायचं नाही, वळसा घालून पलीकडे जायचं आणि पुन्हा असं सरळ व्हायचं की मध्ये काही होतं याची खूणही राहू नये."

"वळसा घातला की खूण राहणारच."

"वारीतली पालखी आपल्या विमानतळावर मुक्कामाला उतरते तेव्हा तुम्ही दिंड्या बघता. रस्त्यात वडाचं झाड आलं तर दिंडी काय करते?"

"दुभागते. पलीकडे पुन्हा एक होते."

"पलीकडच्या माणसाला ओळी जशाच्या तशा दिसल्या, टाळ एका ठेक्यात ऐकू आला, तर मध्ये झाड होतं हे त्याला कळेल का?"

"नाही कळायचं. पण तसं जमायला वळसा घालणाऱ्यांना झपझप चालावं लागेल. वाट लांबची, आणि पोचायचं मात्र बाकीच्यांबरोबर."

बघा, शास्त्रज्ञांना जिथे घाम फुटतो तिथे काकू फाटकाशी उभ्या राहून वारी बघता बघता पोचल्या होत्या. "नेमकं तेच! पण उजेड आधीच सगळ्यांत वेगानं धावणारा, तो आणखी काय धावणार? एकाच रंगाची, एका लयीत सतत चाललेली लाट असेल तर खास पदार्थात ते साधतं. अनेक रंग मिसळले की प्रत्येकाची चाल वेगळी पडते आणि ओळी मोडतात. सूर्याच्या उजेडात तर सगळेच रंग."

"हे कुणी करून बघितलंय की सगळं कागदावरच?"

"बघितलंय. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातले जॉन पेंड्री आणि अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले डेव्हिड शुरिग, डेव्हिड स्मिथ. २००६ च्या मे महिन्यात त्यांनी गणित मांडलं आणि ऑक्टोबरात ड्यूकमध्ये यंत्र दाखवलं. तांब्याच्या नक्षीची, एकात एक बसलेली दहा कडी. सगळ्यांत बाहेरच्या कड्याचा व्यास बारा सेंटीमीटरच्या आसपास, उंची एक सेंटीमीटर. मध्ये तांब्याची छोटी नळी. मायक्रोवेव्ह लहरी सोडल्या तर त्या नळीला बऱ्यापैकी वळसा घालून पुढे गेल्या. थोडी सावली पडली, पण तत्त्व सिद्ध झालं."

"नळी दिसेनाशी झाली?"

"डोळ्यांना लख्ख दिसत होती. गायब झाली ती मायक्रोवेव्हपुरती."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याकडे बघतात.

मायक्रोवेव्हच का, तेही सांगितलं. असल्या पदार्थाला मेटामटेरियल म्हणतात. त्याची करामत धातूच्या गुणात फारशी नसते, त्याच्यावरच्या नक्षीत असते, आणि ती नक्षी लाटेपेक्षा बरीच बारीक असावी लागते. ड्यूकमधली लाट साडेतीन सेंटीमीटरची होती, त्यामुळे काही मिलिमीटरची नक्षी चालली. रेडिओच्या आतल्या सर्किटच्या पट्टीवर असते तशी छापून काढता येते. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, म्हणजे नक्षी त्याहून बारीक हवी. या वाटेवरच्या पहिल्या पावलांपैकी एक आपल्याकडचं आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये कोलकात्यात तागाचे पिळलेले पेड वापरून विद्युतलहरींची कंपनदिशा फिरवून दाखवली होती. ताग तोच, पण पीळ दिल्यावर त्याची लहरींशी वागणूक बदलली.

"दिसणाऱ्या उजेडात काहीच नाही का जमलं?"

"जमलंय थोडं. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्कले विद्यापीठात सोन्याच्या सूक्ष्म ठोकळ्यांची कातडी केली, ८० नॅनोमीटर जाडीची. ती पांघरून एक खडबडीत वस्तू सपाट आरशासारखी भासवली. वस्तू केसाच्या जाडीहून लहान, आणि खेळ फक्त लाल उजेडात."

"लाल!" काकू उसळल्या. "मिस्टर इंडियात उलटं होतं. तो लाल उजेडातच दिसायचा."

"सिनेमावाल्यांनी नकळत बरोबर धरलं होतं. एका रंगात लपलेला दुसऱ्या रंगात उघडा पडतो. टेक्सास विद्यापीठातल्या मॉन्टिकोने आणि आलू या दोघांनी २०१३ मध्ये याचा हिशेबच मांडला. साध्या, वीज न लागणाऱ्या आवरणानं एका रंगात दडलात तर बाकीच्या रंगांत आधीपेक्षा जास्त उठून दिसता. सगळ्या लहरींची बेरीज केली तर तोटाच."

"म्हणजे झाकायला गेलं नि बोभाटा झाला."

"भिंगांनीही करून बघितलंय. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात जॉन हॉवेल आणि त्यांचा विद्यार्थी जोसेफ चोई यांनी साधी चार भिंगं ठरावीक अंतरावर ओळीत लावली. भिंगांमधून बघायचं आणि मध्ये हात घालायचा: हात दिसत नाही, मागचं दृश्य दिसतं. सगळे रंग चालतात. पण समोरूनच बघायला हवं, आणि हात कडेला हवा. नेमका मधोमध घातलात तर दिसतो."

"म्हणजे मी जास्वंदीपाशी बसायचं आणि चोरानं चार भिंगांतून डोळा लावून बघायचं. येईल बरं तो, आमंत्रण पाठवते."

"जपानी सुसुमु ताची यांनीही २००३ च्या सुमाराला एक झगा दाखवला होता. मागचं दृश्य कॅमेऱ्यानं टिपायचं आणि प्रोजेक्टरनं झग्यावर पाडायचं. तिथेही बघणाऱ्यानं प्रोजेक्टरच्या जागीच डोळा ठेवायला हवा."

काकूंनी तक्कूची वाटी माझ्याकडे सरकवली. "बरं, धर की पन्नास वर्षांनी खरीखुरी शाल निघाली. सगळ्या रंगांत चालणारी. मग तरी?"

"मग दुसरी पंचाईत. उजेड तुम्हाला वळसा घालून गेला तर तुमच्या डोळ्यापर्यंत काय पोचेल?"

काकू गप्प झाल्या. हे विरळा.

"काहीच नाही," मी म्हटलं. "आत ठार अंधार. तुम्ही चोराला दिसणार नाही, चोर तुम्हाला दिसणार नाही."

"मग पहाटेच्या गारठ्यात बसून करू काय, जप?"

"डोळ्यांपुरती भोकं ठेवता येतील. पण बघायचं म्हणजे उजेड आत घ्यायचा, म्हणजे तेवढ्या जागी दोन काळे ठिपके दिसणार."

"जास्वंदीत हवेत लटकलेले दोन काळे डोळे!" काकूंचा चेहरा उजळला. "अगं, मग तर चोर पुन्हा आळीत पाऊल टाकायचा नाही."

"आणि गारठा वाजणार नाही. माणूस नुसता बसला तरी त्याच्या अंगातून शंभर वॉटच्या दिव्याइतकी ऊब बाहेर पडत असते. ती लपवायची तर आत कोंडावी लागेल. न कोंडाल तर उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तुम्ही झगझगीत दिसाल."

मला यात एक न्याय दिसतो. निसर्गानं अदृश्य होण्यावर कर बसवलाय: ज्याला उजेड शिवत नाही त्याला उजेडाचा उपयोगही नाही. न दिसता बघायची सोय त्यानं कुणाला फुकट दिलेली नाही.

"हे तुझं पुस्तकातलं," काकू म्हणाल्या. "आमच्या रामटेकला विचार." लग्न होऊन फलटणला आल्या त्याला जमाना झाला, पण माहेरचा विषय निघाला की काकू अजून नागपूरकडच्या होतात. "काऊन हसतेस? नागार्जुन टेकडी आहे आमच्याकडे. त्या नागार्जुनाची गोष्ट माझा बाप सांगायचा. तरुणपणी तो आणि तिघं दोस्त गायब व्हायची विद्या शिकले आणि कुठं गेले असतील?"

"कुठं?"

"राजाच्या राणीवशात. मेले दुसरीकडे कुठं जाणार?"

ही गोष्ट कुमारजीवाच्या नावावर असलेल्या नागार्जुनाच्या चिनी चरित्रात आहे. प्रधानानं दारात बारीक माती पसरायला लावली. माणसं दिसली नाहीत, पावलं उमटली. शिपायांनी पावलांच्या अंदाजानं हवेत तलवारी फिरवल्या आणि तिघं मेले. नागार्जुन राजाला खेटून उभा राहिला, कारण राजाजवळ तलवार चालवायची नाही असा दंडक. तिथून सुटला तो थेट भिक्षू झाला. महाभारतात नलराजाही पहारेकऱ्यांना न दिसता दमयंतीच्या महालात शिरतो, पण तो देवांचा निरोप्या म्हणून. पोचल्यावर तो तिला दिसतो आणि कोण, कशासाठी आलो ते सांगतो. जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं की अदृश्य माणूस पहिल्यांदा कुणाच्या घरात शिरेल. प्रश्न त्यांनी विद्येपेक्षा उंबऱ्याचा मानला.

काकूंनी आवाज खाली आणला. "मीही काल रात्री बंबातली राख पसरली होती, जास्वंदीखाली."

"मग?"

"उमटली की. कोल्हापुरी. डाव्या पायाची टाच आतल्या बाजूनं झिजलेली."

आमच्या आळीत डावा पाय जरा ओढत चालणारे आणि बारा महिने कोल्हापुरी घालणारे एकच. "भाऊसाहेब?"

"मी नाव घेतलं का?"

"अहो, पण त्यांनी तर चोरावर नजर ठेवायला म्हणून कॅमेरा लावलाय!"

"तोंड माझ्या परसाकडे करून. मालकाच्या पायाकडे कधी बघितलंय त्या कॅमेऱ्यानं?" काकूंचं खरं दुखणं आता निघालं. "न्हाऊन परसात केस वाळवत बसायची सोय राहिली नाही. परवा पापड वाळत घालत होते, तर संध्याकाळी भाऊसाहेब म्हणतात, 'काकू, यंदा पापड उडदाचे का?' मी सांगितलं नव्हतं गं कुणाला!"

मी मान उंचावून बघितलं. त्यांच्या गच्चीच्या कोपऱ्यात पांढरा गोल कॅमेरा, खाली झुकलेला. रात्री त्याच्याभोवती अंधूक लाल ठिपके दिसतात. ते इन्फ्रारेड दिवे. आपल्याला अंधार वाटतो तिथे कॅमेऱ्याला दिवसासारखं दिसत असतं.

हे ऐकल्यावर मला काकूंच्या शालीचं कोडं उलगडलं. त्यांना दोन वेगळ्या गोष्टी हव्या होत्या. चोराला न दिसता चोर बघायचा होता, आणि भाऊसाहेबांना दिसायचं नव्हतं. पहिली हौस आणि दुसरा हक्क. शाल मागताना दोन्हींचं गाठोडं एकच झालं होतं.

"काकू, हौसेला निसर्गच आडवा येतो ते बघितलंत. पण कॅमेऱ्याला तो कर लागत नाही. तो भिंतीवर आहे, भाऊसाहेब घरात सोफ्यावर. बघतात ते, आणि तुम्हाला दिसतं नुसतं प्लास्टिकचं डबडं. गायब माणूस आळीत कधीचा आलाय. त्याला मेटामटेरियल लागलं नाही, वायर पुरली."

"मग त्याच्यापासून लपायला तरी काही निघालंय का?"

"निघालंय. चीनमध्ये वुहान विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये एक कोट केला. त्यावरची नक्षी कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरला चकवते: माणूस चित्रात असतो, पण यंत्राला तो माणूस वाटत नाही. रात्रीसाठी कोटाला ऊब देणाऱ्या पट्ट्या. माणसांच्या डोळ्यांना मात्र तो साधा रंगीबेरंगी कोट. आणि आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीनं २०२४ च्या नोव्हेंबरात 'अनालक्ष्य' नावाचं कापड आणलं. त्यावर पडलेल्या रडारच्या लहरी परत फिरत नाहीत, तिथेच जिरतात. तेही डोळ्यांना दिसतंच. ते सैन्यासाठी."

"मिळेल तेव्हा आधी सरकारला, मग चोराला. मला शेवटी, आणि तीही फाटकी."

या वाक्यावर परिसंवाद भरवता येईल. लपण्याचं साधन महाग असेल तोवर ते बलवानांकडेच असणार. स्वस्त झालंच तर त्यावर बंदी येईल, आणि ते पांघरणारा आधी संशयित ठरेल. तोंड झाकून एटीएममध्ये शिरणाऱ्याकडे सगळे कसे बघतात ते आपल्याला माहीत आहे. खासगीपणाची जबाबदारी लपणाऱ्यावर टाकली की असंच होतं: केस वाळवणाऱ्या बाईनंच आडोसा शोधायचा.

"कायदा नाही का काही? तू पेपर वाचतेस."

"आहे, पण त्यात फटी आहेत. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. भारतीय न्याय संहितेचं ७७ वं कलम बाईला चोरून बघणाऱ्याला किंवा तिचं चित्रण करणाऱ्याला तुरुंगात धाडतं, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं. पण ते न्हाणीघर, कपडे बदलणं अशा प्रसंगांसाठी. केस आणि पापड त्यात बसत नाहीत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती कामासाठी डेटा ठेवणाऱ्या माणसाला लागूच होत नाही. म्हणजे भाऊसाहेब सुटले."

"वा रे कायदा."

"कोर्टं मात्र ऐकतात. सुरक्षेच्या नावाखाली शेजाऱ्याच्या घरात डोकावणारे कॅमेरे लावू देता येणार नाहीत, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचा वाद होता; एकानं दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात लावलेले कॅमेरे बंद ठेवायला उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलं."

"पापडासाठी कोर्टात जाऊ? आणि भाऊसाहेब काही वाईट नाहीत गं. आमच्या ह्यांना रात्री दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं." काकूंनी वाटी उचलली. "माझं म्हणणं एवढंच, ज्याला दुसऱ्याचं बघायचंय त्यानं स्वतः दिसावं. नाहीतर मान वळवावी."

पेंड्रींच्या गणितातूनही शेवटी हेच निघतं. मला तेव्हाच आठवलं की मान वळवायची सोय त्या कॅमेऱ्यातच असणार. आजकालच्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी मास्क' असतो. चित्रातल्या हव्या त्या भागावर काळा चौकोन ओढायचा. तेवढा भाग पडद्यावरही दिसत नाही आणि रेकॉर्डही होत नाही. फाटक दिसतं, रस्ता दिसतो, शेजाऱ्याचं परस काळं. गायब करणारी शाल म्हणतात ती हीच. सगळ्या रंगांत चालते, रात्रीही चालते, पैसे पडत नाहीत. फक्त ती पांघरायची असते बघणाऱ्यानं.

काकू तेवढ्यावर थांबल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी भाऊसाहेबांकडे परडीभर जास्वंद पाठवून दिली. निरोप असा: "फुलं रोज फाटकातून येऊन मागून न्या. कॅमेऱ्याचं तोंड तेवढं वळवा. आणि डाव्या चपलेची टाच बदलून घ्या."

तुमच्या दारावर कॅमेरा असेल तर आज त्याचं चित्र शेजाऱ्याच्या जागी बसून बघा. त्यात त्यांची खिडकी, परस किंवा दोरीवरचे कपडे येत असतील तर तो काळा चौकोन ओढा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यासाठी शास्त्रज्ञांची वाट बघावी लागत नाही.